मोठ्या बाईंचे मानपत्र आणि सूचना वह्यांचे दालन : प्रकल्प नोंदी

शुक्रवार, 3 जानेवारी 2025

सावित्रीबाई फुले जयंतीचा कार्यक्रम आटोपल्यावर शिक्षक दालनात बैठक झाली. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना ठाण्यातील वागळे इस्टेटच्या या भागात तीन पिढ्या ‘मोठ्या बाई’ म्हणूनच ओळखतात, 31 मे रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहेत. त्यांची जन्मतारीख 1 जून 1967 आहे आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेली व्यक्ती आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होते, म्हणून वयाची 58 वर्षे पूर्ण होण्याचा हिशेब 31 मे या दिवशी येतो. महाराष्ट्रात एका संपूर्ण पिढीची जन्मतारीख 1 जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. बाईंची मात्र खरोखरच तीच आहे, असे त्यांच्या आईने एकदा आम्हाला मुद्दाम सांगितले होते.

31 मे रोजी शाळेला सुट्टी असते, मुले गावी गेलेली असतात, त्यामुळे समारंभ वार्षिक परीक्षेनंतर 30 एप्रिलला शाळेच्या पटांगणावर घेण्याचे ठरले. गडकरी रंगायतनाचा विषय निघाला, पण ते नूतनीकरणासाठी बंद आहे. आणि ते उघडे असते तरी मी पटांगणाच्याच बाजूने मत दिले असते. मानपत्राचा मजकूर व शाळेच्या दप्तरातून एक छोटे प्रदर्शन, ही दोन कामे माझ्याकडे आली. मी येथे मराठी शिकवते आणि मानपत्रांची भाषा मला पूर्वीपासून खटकते, हे समितीला ठाऊक असावे.

गुरुवार, 9 जानेवारी

बाईंची संमती घेण्यासाठी गेले. त्यांनी तीन अटी सांगितल्या : विद्यार्थ्यांकडून एक रुपयाही गोळा करायचा नाही, शाळेची एकही तासिका तयारीसाठी बुडवायची नाही, आणि खोटे काही लिहायचे नाही. तिसरी अट ऐकून मी म्हटले, “बाई, खोटे कोण लिहील?” त्या म्हणाल्या, “प्रेमाने लिहितात. मी स्वतः दोन मानपत्रे लिहिली आहेत.”

घरी येताना हे वाक्य डोक्यातून जाईना. निवृत्त होणाऱ्या माणसाविषयी आपण जे लिहितो, त्यातले किती त्याचे स्वतःचे असते आणि किती कोणाच्याही नावापुढे चालले असते? नाव बदलले तरी चालेल असे एकही वाक्य मानपत्रात ठेवायचे नाही, असे मी ठरवले आहे.

बुधवार, 15 जानेवारी

प्रदर्शनात काय मांडायचे हा प्रश्न आज सुटला. जुन्या प्रयोगशाळेमागच्या खोलीतील लोखंडी कपाटात शिपाईमामांनी मला सूचना वह्यांचा गठ्ठा दाखवला. ज्यांचा शाळेशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते : मुख्याध्यापकांना शिक्षकांस जे कळवायचे असते ते या वहीत लिहिले जाते, शिपाई ती वही वर्गावर्गांत फिरवतो, शिक्षक वाचून सही करतात, आणि मुलांना सांगण्यासारखे असेल तर तास थांबवून तिथेच वाचून दाखवतात. बाई जून 2001 मध्ये मुख्याध्यापिका झाल्या. तेव्हापासूनच्या 41 वह्या आहेत, बहुतेक दोन क्वायरी रजिस्टरे, आणि जवळजवळ प्रत्येक सूचना त्यांच्याच हस्ताक्षरात आहे. लेखनिकाला सांगून टंकलिखित सूचना काढण्याची सोय असतानाही त्या हातानेच लिहीत राहिल्या.

सेवापुस्तकात माणसाच्या नेमणुका, वेतनवाढी व रजा दिसतात. लॉगबुकात त्याने पाहिलेले पाठ दिसतात. सूचना वहीत मात्र तो माणूस रोज सकाळी कशाची काळजी करत होता ते दिसते. प्रदर्शन या वह्यांचेच करायचे.

शनिवार, 25 जानेवारी

वह्यांची तपासणी केली. 34 सुस्थितीत, 5 वह्यांना कसर लागलेली, एका वहीचा मागचा पुठ्ठा व शेवटची काही पाने वाळवीने खाल्लेली, आणि 2005-06 ची एक वही भिजून वाळल्यामुळे पाने एकमेकांना चिकटलेली. फाटलेल्या पानांना पारदर्शक चिकटपट्टी लावू या, असे एका सहकाऱ्याने सुचवले; ते मी होऊ दिले नाही. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि काढायला गेले की अक्षरेही उचलून नेतो. लॅमिनेशनही नको, कारण एकदा केले की कागद पुन्हा मोकळा करता येत नाही. चिकटलेली पाने आम्ही घाई न करता, पंख्याखाली नव्हे, सावलीत ठेवून, पातळ हाडाच्या पट्टीने एकेक सोडवायला घेतली आहेत. त्याला चार शनिवार लागतील असे दिसते.

मूळ वह्या शाळेचे दप्तर आहेत, म्हणून त्या प्रदर्शनाच्या दालनात टेबलावर हाताळायला ठेवता येणार नाहीत. निवडक पानांच्या प्रती इंचाला 300 ठिपके या प्रमाणात स्कॅन करून, मूळ आकारातच छापायच्या. मोठ्या करायच्या नाहीत. हस्ताक्षर मोठे केले की ते चित्र होते आणि कोणी वाचत नाही.

शनिवार, 8 फेब्रुवारी

मानपत्रासाठी सहकाऱ्यांनी व माजी विद्यार्थ्यांनी पाठवलेले मजकूर वाचले. ‘ज्ञानयज्ञातील अखंड तेवणारी ज्योत’ चार वेळा आली आहे, ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’ सात वेळा. पाठवणाऱ्यांच्या भावनेविषयी मला शंका नाही. त्यांच्याजवळ दुसरे शब्द नव्हते, आणि ते शब्द देण्याचे काम मराठीच्या शिक्षिकेचे आहे.

त्यामुळे एक नियम समितीकडून मंजूर करून घेतला. मानपत्रातील प्रत्येक विधानाला शाळेच्या दप्तरातील लेखी नोंद हवी, किंवा एकमेकांशी न बोललेल्या दोन व्यक्तींनी तीच हकिकत सांगितलेली हवी. या नियमाने पहिल्याच दिवशी तीन विधाने अडली : बाईंनी 24 वर्षांत एकही रजा घेतली नाही, शाळेचा दहावीचा निकाल त्यांनी शंभर टक्क्यांवर नेला, आणि 26 जुलै 2005 च्या प्रलयात त्यांनी तीनशे मुले रात्रभर सांभाळली.

पहिले विधान बाईंनीच खोडले. सेवापुस्तक सध्या निवृत्तिवेतनाच्या प्रस्तावासाठी मुख्य लेखनिकांच्या टेबलावर आहे, आणि ते मी पाहणे योग्य नव्हते, म्हणून थेट त्यांनाच विचारले. 2009 मध्ये आईच्या आजारपणात त्यांनी 42 दिवस रजा घेतली होती. “घेतली ते बरोबरच केले,” असे त्या म्हणाल्या, आणि माझ्यासमोर त्या कागदावरचे वाक्य पेन्सिलीने कापले.

शुक्रवार, 21 फेब्रुवारी

दहावीची परीक्षा आजपासून सुरू झाली. शाळा परीक्षा केंद्र असल्याने 17 मार्चपर्यंत प्रकल्पाचे काम बंद.

मंगळवार, 18 मार्च

निकालाच्या विधानाची पडताळणी केली. मंडळाच्या निकालपत्रकांप्रमाणे बाईंच्या काळात शंभर टक्के निकाल चार वर्षीच लागला आहे. इतर वर्षी तो कमी आहे, आणि त्या मुख्याध्यापिका झाल्यानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत तर आधीच्यापेक्षा खाली गेलेला दिसतो. मला प्रथम वाईट वाटले. मग नववीचे हजेरीपट काढले आणि कारण समजले.

कच्च्या मुलांना नववीतच नापास करायचे, किंवा त्यांच्या पालकांना बोलावून ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा आणि बाहेरून बसवा’ असे सुचवायचे, म्हणजे ती मुले शाळेच्या निकालात मोजली जात नाहीत आणि टक्केवारी चकचकीत राहते, ही पद्धत शिक्षण क्षेत्रात कोणालाच नवी नाही. 2001 च्या दुसऱ्या सत्रातील वहीत बाईंची ही सूचना आहे :

“नववीतील कोणत्याही विद्यार्थ्यास अथवा त्याच्या पालकास सतरा क्रमांकाचा अर्ज भरण्याविषयी वर्गशिक्षकांनी सुचवू नये. विद्यार्थी कच्चा असल्यास त्याचे नाव व कच्चा विषय मला कळवावा. शाळा सुटल्यावर 40 मिनिटे मी गणित घेईन. इतर विषयांसाठी कोण थांबू शकेल त्यांनी या पानावर नाव लिहावे.”

खाली पाच नावे आहेत. पुढच्या वर्षीच्या अशाच पानावर नऊ. निकाल खाली आला, कारण ज्यांना पूर्वी दाराबाहेर ठेवले जात होते ती मुले आता शाळेच्या नावाने परीक्षेला बसू लागली. हे समजल्यावर ‘शंभर टक्के’ काढून टाकणे मला जड गेले नाही. मानपत्रात आता असे वाक्य आहे : “निकालाची टक्केवारी घसरेल हे ठाऊक असूनही आपण नववीतील एकाही मुलाला शाळेबाहेरचा रस्ता दाखवला नाही.” हे वाक्य समितीतील एका सदस्यांना बोचले, परंतु निकालपत्रक व सूचना वही शेजारीशेजारी ठेवल्यावर त्यांनी मान्यता दिली.

शनिवार, 22 मार्च

चिकटलेल्या वहीची पाने अखेर सुटली. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, हा आकडा सर्वांना पाठ आहे. त्या दिवशी लोकल ठप्प झाल्या आणि कामावर गेलेले पालक जिथे होते तिथेच अडकले. आमचे दुपारचे अधिवेशन भरलेले होते. वहीत त्या तारखेला एकच सूचना आहे, वेळ 3.40 :

“पालक किंवा घरातील मोठे माणूस स्वतः आल्याशिवाय एकाही विद्यार्थ्याला सोडू नये. वर्गशिक्षकांनी हजेरीपट हातात ठेवावा, नेणाऱ्याची सही व वेळ घ्यावी. तळमजल्यावरील वर्ग ताबडतोब पहिल्या मजल्यावर आणावेत. पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ व डाळ वापरण्यास मी परवानगी देत आहे, हिशेब नंतर पाहू.”

त्यापुढे सात पाने सह्यांची आहेत. शाई पसरली आहे, पण वाचता येते. सह्यांच्या जागी अकरा ठिकाणी अंगठे आहेत, आणि अंगठ्याची शाई मिळाली नसावी म्हणून बहुधा फळ्यावरच्या रंगीत खडूची भुकटी ओली करून वापरलेली दिसते. रात्री बारानंतर 63 मुले शाळेत होती. शेवटचे मूल 27 जुलैला सकाळी 11.20 वाजता गेले; त्याला नेणाऱ्याच्या सहीपुढे ‘वडील, भांडुपहून चालत’ असे बाईंच्या अक्षरात लिहिले आहे.

तीनशे हा आकडा संध्याकाळचा असावा, तो लोकांच्या आठवणीत रात्रीचा होऊन बसला. मानपत्रात 63 लिहिले आहे. मला स्वतःला 63 हा आकडा तीनशेपेक्षा मोठा वाटतो, कारण त्यातल्या प्रत्येकाच्या नावासमोर नेणाऱ्याची सही आहे.

मंगळवार, 1 एप्रिल

2020 ची वही पाहिली. मार्चच्या मध्यानंतर शाळा बंद झाल्या, 23 मार्चला होणारा दहावीचा भूगोलाचा पेपर पुढे ढकलला आणि नंतर रद्दच झाला. वही फिरवायला वर्ग नव्हते, सूचना व्हॉट्सॲपवर जात. तरीही 2021 मध्ये शाळेत येणे शक्य झाल्यावर बाईंनी त्या सर्व सूचना तारखांसह वहीत उतरवून काढल्या आहेत. सह्यांचा रकाना मात्र त्यांनी रिकामा ठेवला.

पण आजची मुख्य नोंद वेगळी आहे, आणि ती लिहिताना मी बराच वेळ थांबले आहे. 9 डिसेंबर 2002 ची सूचना : “सत्र शुल्क थकलेल्या विद्यार्थ्यांची नावे वर्गशिक्षकांनी दर सोमवारी वर्गात वाचून दाखवावीत व त्यांना उभे करावे.” अक्षर बाईंचेच. खाली सर्व शिक्षकांच्या सह्या.

त्या वर्षांत वागळे इस्टेटमधले कारखाने एकामागून एक बंद पडत होते. किसननगर, लोकमान्यनगर भागातील आमचे निम्मे पालक त्याच कारखान्यांत कामाला होते. शुल्काची रक्कम लहान होती आणि ती थकण्याचे कारण त्या आठवड्यांत ठाण्यातील कोणालाही ठाऊक होते.

शुक्रवार, 4 एप्रिल

ही सूचना दालनातून गाळावी, असे मला तीन दिवस वाटत होते. आज ती प्रत घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी ती पाहिली आणि विचारले, “20 जानेवारीची सापडली का?” मी म्हटले, नाही. त्यांनी वही मागवली आणि क्षणभरही न चाळता पान उघडले.

20 जानेवारी 2003 : “9 डिसेंबरची माझी सूचना चुकीची होती. ती रद्द समजावी. शुल्कावरून कोणत्याही विद्यार्थ्याचे नाव वर्गात घेऊ नये, उभे करू नये. पालकांना बंद पाकिटातून कळवावे व पाकीट मुलाच्या हाती न देता पालकांना शाळेत बोलावून द्यावे. ही सूचना वर्गात वाचून दाखवावी, म्हणजे मुलांनाही कळेल की चूक माझी होती.”

मधल्या सहा आठवड्यांत काय झाले ते शिपाईमामांनी मला दुपारी वेगळे सांगितले होते आणि बाईंनी स्वतःही सांगितले, म्हणून लिहिते. सातवीतला एक मुलगा उभे राहण्याच्या दुसऱ्या सोमवारनंतर शाळेत येईना. मामा घरी गेले, तर तो घरून दप्तर घेऊन वेळेवर निघत होता आणि दिवसभर मुलुंड चेक नाक्याजवळ बसून परत जात होता. बाई त्याच्या घरी गेल्या. वडिलांची कंपनी दिवाळीत बंद झाली होती. मुलाने शुल्काचे घरी सांगितलेच नव्हते. बाई म्हणाल्या, “आधी ती सूचना लावा, मग ही. दोन्ही शेजारी. एकटी दुसरी लावली तर मी चांगली दिसेन आणि वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.”

त्या मुलाचे नाव मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

बुधवार, 9 एप्रिल

समितीची बैठक दोन तास चालली. गौरव समारंभात अशी सूचना मांडणे औचित्याला धरून नाही, पाहुण्यांसमोर बाईंचा अवमान होईल, असे संस्थेच्या कार्यवाहांचे मत होते आणि ते आदरापोटीच होते. माझे म्हणणे मी असे मांडले की, आमच्यापैकी प्रत्येकाने नोकरीत कधी ना कधी चुकीचा आदेश पाळला आहे व काहींनी दिलाही आहे. परंतु आदेश देणाऱ्याने तो त्याच वहीत, त्याच शिक्षकांच्या सह्या घेऊन, मुलांना वाचून दाखवायला सांगून मागे घेतल्याचे दुसरे उदाहरण मी तरी पाहिलेले नाही. याहून मोठा गौरव आपल्याकडे दुसरा कोणता आहे? शेवटी बाईंची स्वतःची इच्छा हीच निर्णायक ठरली. दोन्ही पाने दालनात राहतील.

मंगळवार, 15 एप्रिल

मानपत्राचा मजकूर पक्का झाला. 148 शब्द, अकरा विधाने, अकराही पुराव्यांची यादी वेगळ्या कागदावर. ‘ज्योत’ नाही. चित्रकला शिक्षक ते बोरूने लिहिणार आहेत. देवनागरीसाठी बोरूला रोमन लिपीच्या उलट दिशेने तिरका काप द्यावा लागतो, आणि विकत मिळणाऱ्या सपाट निबांनी आपल्या अक्षराची जाडी चुकीच्या ठिकाणी येते, हे त्यांनी मला लिहून दाखवले. त्यांनी एक शब्दही बदलला नाही, फक्त ‘सह्यांनिशी’ ओळीच्या शेवटी तुटत होता म्हणून दोन शब्दांची जागा बदलली.

बुधवार, 30 एप्रिल

समारंभ झाला. ऊन उतरल्यावर साडेपाचला सुरू करून आठपर्यंत संपवला. भाषणे मर्यादित ठेवली होती, ती मर्यादेत राहिली नाहीत, पण त्याविषयी माझी तक्रार नाही. मानपत्राचे वाचन मी केले. “आपला एक निर्णय चुकला हे उमगताच आपण तो सूचना वहीत, सर्व शिक्षकांच्या सह्यांनिशी, मुलांसमोर मागे घेतला” या वाक्याला पटांगणात पूर्ण शांतता होती.

दालनासाठी दोन वर्ग वापरले होते, एकूण 58 पाने. 2005 च्या सह्यांपुढे सर्वाधिक वेळ गर्दी होती. लोक बोटाने ओळी शोधत होते. एका आजींना आपला अंगठा कोणता ते ओळखता येत नव्हते, पण शेजारी लिहिलेले नातवाचे नाव त्यांनी नातसुनेकडून तीनदा वाचून घेतले. 2002-03 च्या दोन पानांपुढे पस्तिशीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे होते. ते कोणाशी बोलले नाहीत. निघताना त्यांनी बाईंना वाकून नमस्कार केला आणि बाईंनी त्यांचे नाव घेऊन विचारले, “बाबा कसे आहेत?” याहून अधिक मी ऐकले नाही आणि जवळही गेले नाही.

शनिवार, 31 मे

कार्यभार हस्तांतरण. शाळा रिकामी. जनरल रजिस्टर, रोख वही, शिक्के, किल्ल्यांचा जुडगा, सामान नोंदवही, सर्व यादीप्रमाणे तपासून बाईंनी प्रभारी मुख्याध्यापकांच्या ताब्यात दिले. यादीत सूचना वह्या नव्हत्या, कारण त्या कोणी कधी मोजल्याच नव्हत्या. मी विनंती केल्यावर शेवटची ओळ वाढवली : ‘सूचना वह्या, जून 2001 पासून, नग 41.’ बाईंनी त्यापुढे सही केली. निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव त्रुटीविना पुढे गेल्याचे मुख्य लेखनिकांनी सांगितले, आणि माझ्या मते आमच्या सर्व समारंभाइतकाच हाही बाईंचा सन्मान आहे.

पुराव्यांची यादी त्यांनी घरी नेण्यासाठी मागितली. मानपत्र भिंतीवर लावणार का, असे विचारल्यावर, “जागा पाहते,” एवढेच म्हणाल्या.

सोमवार, 16 जून

शाळा सुरू झाली. सावलीत जपलेल्या वह्या फडताळात, सुती कापडात गुंडाळून, वर्षवार लावल्या आणि कपाटाच्या दारावर यादी चिकटवली. नव्या मुख्याध्यापकांसाठी नवीन रजिस्टर आणून ठेवले होते, पण 41 व्या वहीत अजून तीसेक पाने शिल्लक असल्याचे त्यांनी पाहिले आणि बाईंच्या शेवटच्या सूचनेखाली, एक ओळ सोडून, पाठ्यपुस्तक वाटपाची सूचना लिहिली. मामा वही घेऊन पाचवी अ पासून निघाले. माझ्या वर्गात ती तिसऱ्या तासाला आली, मी वाचून दाखवली आणि सही केली.